दोन टक्के स्क्रॅप

गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानातल्या गादीवर किती वेळ पडून बघतं, हे अख्ख्या महाराष्ट्रात दोनच माणसांना ठाऊक असेल. एक ते, म्हणजे मी कामाला होते त्या दुकानाचे मालक, आणि दुसरी मी. एकटा पुरुष असेल तर तीन मिनिटं चाळीस सेकंद. बायको बरोबर असेल तर एक मिनिट दहा, कारण ती कमरेवर हात ठेवून उभी असते. सासू बरोबर असेल तर कुणी पडतच नाही, सगळे हातानं दाबून बघतात. ही माहिती त्यांनी गळ्यात अडकवलेल्या स्टॉपवॉचवर जमवली होती. ती त्यांच्याकडे कुणी मागितली नव्हती, पण म्हणून ते थांबणाऱ्यांपैकी नव्हते.

पुनावळ्यात हायवेच्या अलीकडच्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. शेतं गेली, टॉवर आले, टॉवरात माणसं आली आणि माणसांना झोपायला गाद्या लागतात, एवढा सरळ विचार करून त्यांनी कंपनीतून निघताना मिळालेला सगळा पैसा फोममध्ये घातला होता. कंपनी चाकणची. आधी ती पिंपरीला होती, ती हलली तसे तेही हलले. तिथं त्यांचं काम टाइम-स्टडीचं. म्हणजे लाइनवर कामगाराच्या मागे उभं राहायचं, एक बोल्ट आवळायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यातले किती कमी करता येतील ते वर लिहून द्यायचं. तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी कसा वागेल, याची कल्पना त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला पहिल्याच आठवड्यात दिली.

"आमच्या लग्नात मंगलाष्टकांचं टायमिंग घेतलं होतं यांनी," काकू डबा ठेवता ठेवता म्हणाल्या. "भटजींना म्हणाले, पाचवं लांबलं."

मी काळेवाडीहून यायचे. नोकरीसाठी विचारायला गेले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. एक उशी आणि एक अभ्रा हातात दिला आणि म्हणाले, "घाला." मी अभ्रा घातला. खट्‌ करून घड्याळ थांबलं. "एकोणीस सेकंद. त्यातल्या दोन हालचाली वाया गेल्या. डावा हात नुसता बघत होता." मला इतका राग आला की मी उशी टेबलावर आपटली. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि म्हणाले, "सोमवारपासून या, ताई."

दुकानात जमिनीवर पिवळे पट्टे मारले होते. पट्ट्यांच्या आतून गिऱ्हाइकानं चालायचं, बाहेर गाद्या. टेबलावर माझ्या चहाच्या कपाची जागा गोल आखलेली, त्यांच्या चष्म्याची जागा आखलेली. एकदा माझा रुमाल त्यांच्या चष्म्याच्या जागेवर गेला तर दिवसभर ते चष्मा हातात धरून फिरले, पण रुमाल उचल म्हणाले नाहीत. भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर रोजची विक्री, रोजची चूक आणि चुकीचं कारण लिहिलेलं असायचं. फाटलेल्या कव्हराला ते 'रिजेक्शन' म्हणत आणि बघून निघून गेलेल्या गिऱ्हाइकाला 'लाइन बंद' म्हणत. स्वतःलासुद्धा ते महिन्याचा पगार द्यायचे. व्हाउचर करायचे, त्यावर सही करायचे, आणि सकाळी उशीर झाला तर स्वतःचा अर्धा दिवस कापायचे. मला वाटायचं की ही नुसती हौस आहे.

त्यांचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पाच वेळा 'का' विचारणं. कंपनीत म्हणे मशीन बंद पडलं की पाच वेळा का विचारतात, मग खरं कारण सापडतं. मशीन मुकाट ऐकून घेतं. माणसांचं तसं नसतं. एकदा एक जोडपं गादी परत करायला आलं. पाठ दुखते म्हणाले.

"पाठ का दुखते?"

"गादी कडक आहे."

"कडक का घेतली?"

"आईंनी सांगितलं," नवरा म्हणाला.

"आईंनी का सांगितलं?"

"कारण दुपारी त्या आमच्याच खोलीत झोपतात," बायको म्हणाली.

"तुमच्याच खोलीत का?"

यापुढे ते दोघं एकमेकांशी जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. पाचवा का विचारायची वेळच आली नाही. गादी त्यांनी परत केली नाही. पण आठवड्यानं तो नवरा एकटाच आला आणि हॉलमध्ये टाकायला एक सिंगल गादी घेऊन गेला. साहेबांनी फळ्यावर लिहिलं : मूळ कारण सापडले.

साहेब त्यांना मी म्हणत नव्हते, मी काका म्हणायचे. साहेब म्हणायचे ते टेम्पोवाले भाऊ. पण ते नाव मलाही चिकटलं. हे भाऊ चिखलीच्या जुन्या घरातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आमच्या गाद्या तेच पोचवायचे. साहेब फोमवाल्याशी घासाघीस करायचे, पाणीवाल्याशी करायचे, काकूंच्या भाजीवाल्याशीही करून यायचे. भाऊंनी मात्र जो आकडा सांगितला तो ते बघायचेसुद्धा नाहीत, पैसे काढून द्यायचे. ते असं का करतात, हे मला बरेच दिवस कळलं नाही. शेवटी भाऊंनीच सांगितलं, टेम्पोच्या फाळक्यावर बसून, तंबाखू मळता मळता.

"कंपनीत आमी सात जणं व्हतो त्या लाइनीवर. साहेब घड्याळ घिऊन मागं उभं ऱ्हायले तीन दिवस. चौथ्या दिवशी कागुद आला, काम पाच जणांचंच हाय. दोगं जादा. त्यातला एक मी."

"आणि तुम्ही त्यांचंच काम करता?"

"त्यांनी बोलिवलं. मोजायला चुकलं नव्हतं ते, ताई. काम पाच जणांचंच व्हतं." मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "पर आमी सात जणं व्हतो न्हवं."

त्यानंतर वर्षाच्या आत साहेबांनी स्वतःहून कंपनी सोडली होती. का सोडली, हे त्यांना एकदाही कुणी विचारलं नसावं.

आता दोन टक्क्यांकडे येते. साहेबांच्या आयुष्यात देव, सरकार आणि शेजारी यांच्याविषयी फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती कार्डाच्या मशीनविषयी. गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्ड घासलं की शंभरामागे दोन रुपये बँक कापून घ्यायची, आणि त्या दोन रुपयांवर वर जीएसटी. मशीनमधून कागद बाहेर यायला लागला की साहेब त्या कागदाकडे बघत हळू आवाजात म्हणायचे, "गेले." गिऱ्हाईक दचकायचं. त्याला वाटायचं, कुणी आजारी होतं की काय.

"दोन टक्के स्क्रॅप!" गिऱ्हाईक गेलं की ते मला सांगायचे. "माझ्या लाइनवर दोन टक्के स्क्रॅप निघालं असतं तर मला चाकणच्या चौकात उभं केलं असतं. आणि इथं मी रोज मुकाट्यानं फेकतोय. फोम फाटला नाही, शिलाई उसवली नाही, तरी दोन टक्के माल गायब. कुठं गेला? तर म्हणे कार्ड होतं."

"क्यूआर आहे की काका. त्याला काही लागत नाही."

"त्याला लोकांकडे पैसे लागतात," ते म्हणाले, आणि यात ते बरोबर होते. उशी क्यूआरवर जायची. पण गादी म्हणजे मोठा आकडा. टॉवरमधल्या माणसाला ती हप्त्यावर हवी असायची, नाहीतर कार्डाचे पॉइंट हवे असायचे. पॉइंट जमवून ही माणसं कुठंतरी विमानानं जायची. "म्हणजे माझ्या फोमवर बसून गोव्याला चाललेत," असं साहेबांचं मत होतं.

क्यूआरबरोबर ती बोलणारी डबीही आली होती, इतके रुपये मिळाले असं ओरडून सांगणारी. तिला महिन्याचं भाडं आहे हे कळलं त्या दिवशी साहेबांनी ती परत केली आणि ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. उशीचे पैसे फोनवर आले की ते दुकानाच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "चारशे वीस रुपये प्राप्त झाले!" समोरचा पानवाला तिथून हात वर करायचा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर दोन गोष्टी झाल्या. हायवेवर गाद्यांचं एक भलंमोठं झगमगीत दुकान उघडलं आणि आमच्या जागेच्या मालकानं भाडं वाढवलं. महिनाअखेरीला साहेबांनी फळा पुसला आणि त्यावर फक्त दोन शब्द लिहिले. एका बाजूला 'मशीन', दुसऱ्या बाजूला 'ताई'.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्यापासून लपवायचं नाही मला. वाढलेलं भाडं आणि मशीन महिन्याला खातं तो आकडा जवळपास एकच आहे. मशीनशिवाय दुकान चाललं तर भाडं फिटतं. मशीन ठेवावं लागलं तर भाडं दुसरीकडून काढावं लागेल. दुसरीकडे म्हणजे दुकानात दुसरा खर्च काय आहे, ते तुम्हीच बघा."

दुसरा खर्च मी होते. मी फळ्यावरच्या त्या शब्दाकडे बघत बसले. माझ्या नवऱ्याला त्याच महिन्यात कंपनीनं ब्रेक दिला होता. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की घरी बसवतात, त्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात, जणू तो चहाला गेलाय. घर माझ्या पगारावर चाललं होतं. घरी जाऊन मी साहेबांच्या स्टॉपवॉचचा, पिवळ्या पट्ट्यांचा आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि अशा वेळी आमच्या दुकानात तो आठव्या मजल्यावरचा आला. जवळच्याच टॉवरात राहायचा, आयटीतला, तिशीचा, दाढी नीट कोरलेली. किंग साइझ बघायला आला होता. साहेबांनी त्याला दोन टक्क्यांची व्यथा ऐकवली, कारण ती ते सगळ्यांनाच ऐकवायचे. तो गादीवर पडल्या पडल्याच म्हणाला, "काका, मग क्रिप्टो घ्या ना. मध्ये बँक नाही, कार्ड कंपनी नाही, कुणीच नाही. माझ्या वॉलेटमधून डायरेक्ट तुमच्या वॉलेटमध्ये. तुम्हाला झीरो फी."

साहेबांनी घड्याळ थांबवलं. "झीरो?"

"झीरो."

"मध्ये कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

त्यांचा चेहरा मी बघितला. कंपनीत तीस वर्षं ज्या लाइनचं स्वप्न त्यांनी बघितलं असेल, ती लाइन त्यांना त्या मुलानं आडवं पडून दाखवली होती. सगळं चालू आहे आणि मध्ये माणूस नाही.

त्यांनी सरळ उडी मारली असं मी म्हणणार नाही. त्यांनी 'ट्रायल' जाहीर केली. तीन महिने. त्या काळात मशीन कपाटात बंद राहील, रोख, क्यूआर आणि क्रिप्टो एवढंच चालेल, आणि प्रत्येक विक्रीचा पूर्ण खर्च लिहिला जाईल. खर्च म्हणजे सगळा. वेळ, फोन, चहा, सगळा. तीन महिन्यांनी कागद जे सांगेल ते होईल. "मोजल्याशिवाय मी कुणाला काढत नाही आणि कुणाला ठेवत नाही," ते म्हणाले. मला यात धीर वाटावा असं त्यांना वाटलं असावं.

बाहेर पाटी लागली : येथे क्रिप्टो स्वीकारले जाईल. पहिल्या आठवड्यात चार माणसं विचारायला आली. चौघांनाही तो नव्या प्रकारचा फोम वाटला होता. एक आजोबा पाठीला क्रिप्टो चांगलं का म्हणून विचारत होते. त्याची गॅरंटी किती वर्षांची, असं त्यांनी विचारलं तेव्हा साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "गॅरंटी अजिबात नाही." आजोबांनी कापसाची घेतली.

पाटी भाऊंनीही वाचली. "ह्ये काय हाय, साहेब?"

"भाऊ, यात मधला माणूसच नाही."

भाऊंनी पाटीकडे परत एकदा बघितलं. "मंग त्यो कुटं गेला?" एवढंच विचारून ते टेम्पोकडे गेले.

खरी ट्रायल झाली ती एका रविवारी. आठव्या मजल्यावरचा किंग साइझ घ्यायला आला. अठरा हजारांची गादी. त्यानं फोन काढला, साहेबांच्या फोनवरचं चित्र स्कॅन केलं, बोट दाबलं आणि म्हणाला, "झालं." साहेबांनी घड्याळ चालू केलं. फोनवर काहीच आलं नाही.

"येईल," तो म्हणाला. "नेटवर्कला कन्फर्म करायला वेळ लागतो."

"नेटवर्क म्हणजे कोण?"

"म्हणजे जगभरातले कॉम्प्युटर. ते तपासतात."

"मध्ये कुणी नाही म्हणाला होतास."

"कुणी एक नाही काका. सगळेच आहेत." मग जरा चाचरत त्यानं सांगितलं की त्या कॉम्प्युटरवाल्यांनाही फी द्यावी लागते, ती पाठवणाऱ्यानं द्यायची असते, जास्त दिली की काम पटकन होतं, आणि त्यानं सगळ्यात कमीची निवडली होती. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दोन रुपये वाचवणाऱ्या माणसाला दुसऱ्या तशाच माणसाची ओळख पटली होती.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. गादी सोडता येत नव्हती आणि गिऱ्हाईक सोडता येत नव्हतं. तो गादीवर बसला, मग टेकला, मग आडवा झाला. विसाव्या मिनिटाला तो झोपला. विसाव्या मिनिटाच्या पुढे माणूस गादीवर काय करतो याचा आकडा साहेबांकडे नव्हता, त्यामुळे तेही उत्सुकतेनं बघत उभे राहिले. पंचविसाव्या मिनिटाला तो घोरायला लागला, अगदी मनापासून.

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. मी त्यांना वेगवेगळ्या गाद्या दाखवायला सुरुवात केली, पण बाईंची नजर त्या झोपलेल्या माणसावरून हलेना. "ही कुठली हो?" त्या हळूच म्हणाल्या, तो उठू नये म्हणून. मी सांगितली. "हीच द्या. आमच्या ह्यांना दोन वर्षांत अशी झोप लागलेली नाही." नवऱ्यानं लगेच खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून कार्ड काढलं.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कपाटाकडे बघितलं. मला शपथेवर सांगायचं तर त्यांचा हात किल्लीपर्यंत गेला होता. पण ट्रायल म्हणजे ट्रायल. "कार्ड चालत नाही," ते म्हणाले. "क्यूआर आहे, रोख आहे, क्रिप्टो आहे." नवरा म्हणाला, "महिनाअखेर आहे हो," आणि ती दोघं हायवेवरच्या झगमगीत दुकानाकडे गेली. साहेबांनी फळ्यावर लिहिलं : लाइन बंद, १. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : मी.

सत्तेचाळीस मिनिटांनी फोन वाजला. आठव्या मजल्यावरचा डोळे चोळत उठला. पण तोवर त्या क्रिप्टोच्या नाण्याचा भाव उतरला होता आणि अठरा हजारांत काही रुपये कमी पडत होते. "मी तर बरोबर पाठवले होते," तो म्हणाला. "बरोबर पोचले नाहीत," साहेब म्हणाले. शिवाय त्याला डिस्काउंटही हवं होतं, कारण कॉम्प्युटरवाल्यांची फी त्याच्या खिशातून गेली होती. शेवटी एक उशी फुकट देऊन मिटलं. भाऊ बाहेर टेम्पोत बसून तासभर वाट बघत होते. त्यांचा तो तासही साहेबांनी खर्चात लिहिला आणि त्याचे पैसे त्यांना दिले.

पुढं एकेक पान उलगडत गेलं. नाणी विकून रुपये करायचे तर एक्स्चेंजवर खातं हवं. खात्याची कागदपत्रं तपासायला एक्स्चेंजवाल्यांनी आठवडा घेतला आणि त्या आठवड्यात अठरा हजारांची गादी साडेपंधराची झाली. नाणी तिथं पाठवायला फी, विकायला फी. सीएकडे गेले तर तो आधी खुर्चीत मागे रेलून हसला. मग म्हणाला, "एक टक्का टीडीएस. नफा झाला तर तीस टक्के सरकारचे. तोटा झाला तर तो पूर्ण तुमचा, कुठे वळता करता येत नाही. आणि गादीवरचा जीएसटी रुपयातच भरायचा, तिथं नाणी चालत नाहीत." या सल्ल्याची त्यानं वेगळी फी घेतली. तीही साहेबांनी लिहिली.

नंतर एकदा भाव चढला आणि एका विक्रीत सातशे रुपये जास्त आले. मला वाटलं, चला, आता तरी हसतील. तर ते दोन दिवस अस्वस्थ. "हे पैसे माझ्या कामातून आलेले नाहीत. कुठून आले ते मला सांगता येत नाही. उद्या असेच जातील." त्यांनी ते सातशेही वेगळ्या रकान्यात लिहिले आणि त्या रकान्याला नाव दिलं : अनाकलनीय.

ट्रायलच्या तिन्ही महिन्यांत त्यांचं घड्याळ माझ्यावरही चालू होतं. मी गादी उचलली की खट्‌, बिल केलं की खट्‌. बिल करून मान वर करावी तर ते आखलेल्या पट्ट्याच्या पलीकडे उभे राहून वहीत लिहीत असायचे. मला कळून चुकलं होतं. भाऊंच्या मागे तीन दिवस उभे होते, माझ्या मागे तीन महिने. मी चिखलीत एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगच्या कामासाठी विचारूनही ठेवलं होतं. साहेबांचा मला तेव्हा मनापासून तिरस्कार वाटत होता.

शेवटचा दिवस गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे दुपारपर्यंत गर्दी होती. संध्याकाळी एक गादी पोचवायची राहिली होती. भाऊंचा जोडीदार गावाला गेला होता, म्हणून ते दुकानातच कुणी हात लावायला मिळतं का बघत थांबले होते. साहेबांनी शटर अर्धं ओढलं, चष्मा आखलेल्या जागेवरून उचलला आणि उभं राहून कागद वाचायला सुरुवात केली. बसून रिपोर्ट वाचायची त्यांना सवय नव्हती.

"तीन महिन्यांत क्रिप्टोवर विक्री, दोन गाद्या, एक उशी. कार्ड नसल्यानं गेलेली गिऱ्हाइकं, एकतीस. माझा वेळ, सीएची फी, भावातली घट, टीडीएस, सगळं धरून शंभरामागे दोन रुपये वाचवायला आपण शंभरामागे एकवीस घातले. मशीन उद्यापासून परत बाहेर."

ठरलेलंच होतं. मशीन राहिलं म्हणजे मी गेले. मी पिशवी जवळ ओढली.

"दुसरा भाग," साहेब म्हणाले. "या दुकानात एक माणूस जास्त आहे."

"साहेब." भाऊ एकदम उभे राहिले. मी त्यांना कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. "पुन्यांदा न्हाई. लेकरंबाळं हायती तिला. पुन्यांदा ह्यो कागुद वाचायचा न्हाई."

"वाचू द्या भाऊ," साहेब म्हणाले. "दिवसाचं काम साडेसात तास. त्यातलं ताई करतात सहा तास वीस मिनिटं. दुसरा माणूस करतो सत्तर मिनिटं. उरलेला वेळ तो घड्याळ घेऊन उभा असतो. तो माणूस पगार घेतो. तो जास्त आहे. मी जास्त आहे."

मग त्यांनी खाली सही केली, नेहमी व्हाउचरवर करायचे तशी. चिखलीत एका लहान कारखान्यात त्यांना टाइमकीपरचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. दुकानातून ते एक रुपया घेणार नव्हते. त्या वाचलेल्या पगारातून भाडं फिटत होतं. दुकान मी बघायचं. मला रडू आलं, आणि ज्या माणसाला मी तीन महिने शिव्या घातल्या त्याच्यासमोर रडायची लाज वाटली म्हणून मी उगाच एका उशीचा अभ्रा काढून परत घालायला लागले.

भाऊ मात्र बसले नाहीत. ते साहेबांच्या समोर येऊन उभे राहिले.

"तवा का न्हाई मोजलं सोताला?"

"मोजलं होतं."

"मंग कागदावर का न्हाई आलं?"

"लिहिलं नाही."

"का?"

साहेबांनी चष्मा काढला. "भीती वाटली, भाऊ. मुलगी शिकत होती. घराचा हप्ता होता."

"आमाला बी व्हता," भाऊ म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली. भाऊ पोचवायच्या गादीकडे गेले, एक टोक उचललं आणि म्हणाले, "धरा तिकडनं. तिसऱ्या मजल्यावर द्यायचीय, लिफ्ट बंद हाय."

साहेबांनी गळ्यातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दुसरं टोक धरलं. पिवळे पट्टे तुडवत दोघं गादी घेऊन शटरखालून वाकून बाहेर गेले. परत यायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ टेबलावर पडलं होतं, माझ्या कपाच्या गोलात, आणि ते बंद होतं.